मे महिन्यात काहीच नसतं

पिटलॉरी, फाइफ
८ मे

तीर्थस्वरूप लॅक्लन भाऊजी यांस,

एफीचा वाकून नमस्कार (गुडघा जेवढं वाकू देतो तेवढाच, उरलेला मनोमन पोचता करून घ्यावा). इकडे सगळं ठीक आहे. समुद्रावरून धुकं येतं आणि जातं, कोंबड्या अंडी देतात, तुमचे धाकटे बंधू सकाळी गोल्फच्या मैदानावरचं गवत कापतात आणि संध्याकाळी ते नीट कापलं गेलं नाही म्हणून कुढत बसतात. लोरेटा जाऊबाईंची पाठ आता कशी आहे? तुमच्या जॉर्जियात उन्हाळा सुरू झाला असेल. आमच्याकडे परवा लोकरीच्या टोपीशिवाय अंगणात उभं राहता आलं, म्हणजे आमचाही झालाच म्हणायचा.

आमच्या मॉर्वनच्या फोनवर तुमचा निरोप आला, की चिरंजीव रॉसला पीजीए स्पर्धेत जागा मिळाली आणि त्यामुळे तुम्हा कुणालाच तिच्या लग्नाला येता येणार नाही. रॉसचं मनापासून कौतुक. क्लबात हातमोजे विकायचे, दातांच्या डॉक्टरांना पाय कुठे ठेवायचे ते शिकवायचं, आणि एवढं करून अमेरिकेतल्या सगळ्या क्लबमास्तरांमधून पहिल्या विसांत यायचं, हे काही खायचं काम नाही. मामंजींनी ओपनमध्ये शिरण्यासाठी आयुष्यभर धडपड केली आणि एका फटक्यासाठी ते राहिले. गोल्फच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एकीत खेळणारा गेडिस घराण्यातला पहिला माणूस म्हणजे आपला रॉस. मी ते वाचलं आणि बटाटे सोलता सोलता रडले. पण निरोपाच्या शेवटी तुम्ही एक वाक्य घातलंत, की ‘इनिसने तारीख मुद्दाम पीजीएच्या शनिवारची काढली, त्याच्या लेखी ती स्पर्धाच नाही, हे आम्ही तेव्हाच ओळखलं होतं.’ भाऊजी, एवढं लांबलचक पत्र लिहायला मी बसले आहे ते त्या वाक्यासाठी. तुमच्या भावात अवगुण भरपूर आहेत, पण हा त्यातला नाही. खरं काय घडलं ते मी सांगते, मग हवं तर रागवा.

फिंडलेला, म्हणजे होणाऱ्या जावईबापूंना, ऑगस्टपासून तेलविहिरीवर नवी नोकरी आहे, तेव्हा लग्न त्याआधी उरकायचं होतं. गावचा हॉल एकच, आणि तो सांभाळणाऱ्या डॅलग्लीशबाईंनी सांगितलं की उन्हाळ्यातले सगळे शनिवार गेले, मोकळे आहेत फक्त एप्रिल, मे, जून आणि जुलैमधला एकेक. ते मोकळे का आहेत हे पिटलॉरीत पाळण्यातलं मूलही सांगेल. मास्टर्स, अमेरिकन ओपन आणि आपली ओपन यांच्या शनिवारी इथे कुणी लग्न करत नाही, बारसं करत नाही, आणि शक्य असेल तर मरतही नाही. (मे महिन्यातला तो एक का मोकळा आहे, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. मी यातली कुठलीच स्पर्धा बघत नाही, त्या वेळात मी घर आवरते. वर्षातून तीनदा घर झकास निघतं.) तेव्हा इनिस म्हणाला, की आपण शहाण्या माणसांसारखं बसून या स्पर्धांचा एकदा क्रम लावू, आणि जी सगळ्यात खालची ठरेल तिच्यावर लग्न लावू.

झालं. हिवाळ्यातल्या एका रविवारी चर्चनंतर आमच्या स्वयंपाकघरात सभा भरली. इनिस, मी, फिंडलेचे वडील डॉड व्याही (शेजारच्या गावच्या मैदानाचं गवत त्यांच्याकडे असतं, त्यामुळे दोघं एकमेकांच्या गवताला वर्षभर नावं ठेवतात), आणि आमच्या पाद्रीणबाई मिस ऑचिन्लेक, ज्यांचा खेळ त्यांच्या प्रवचनापेक्षा सरळ जातो. इनिसने चहाची किटली टेबलाच्या डोक्याशी ठेवली आणि म्हणाला, ही ओपन, हिच्यावर चर्चा नाही. मग मुरंब्याची बरणी, म्हणजे मास्टर्स, कारण गोड आणि बघायला छान. मिठाची कुपी अमेरिकन ओपन, कारण डोळ्यांत पाणी आणते. आणि उकडलेलं अंडं खाऊन झालेली रिकामी वाटी पीजीए.

पाद्रीणबाईंनी बरणी किटलीला खेटून ठेवली. त्यांचं म्हणणं, मास्टर्स दरवर्षी त्याच एका मैदानावर होते, जसा देव दरवर्षी त्याच एका चर्चात भेटतो. माणसाला ठिकाण ओळखीचं असलं की भक्ती वाढते. डॉड व्याह्यांनी बरणी उचलून तिच्या जागी मीठ ठेवलं. म्हणाले, तिथलं गवत इतकं हिरवं आहे की ते देवाने केलेलं वाटत नाही, आणि अमेरिकन ओपनला मात्र चेंडू गवतात गेला की माणूस आईला हाक मारतो, त्यालाच स्पर्धा म्हणायचं. इनिस दोघांवरही तापला. मास्टर्सबद्दल त्याचं मत तुम्हाला माहीत आहे. तुम्ही नऊ वर्षांपूर्वी नाताळात फोनवर म्हणालात की आता तुमच्या मते मास्टर्स पहिली, आणि वर तिथली ती हिरवी घडीची खुर्ची भेट पाठवलीत, तेव्हापासून तुम्ही दोघं सख्खे भाऊ फक्त माझ्या पत्रांतून बोलता. (खुर्ची अजून आहे. शेडमध्ये तिच्यावर तांबडी कोंबडी बसते आणि तिथेच सगळ्यात मोठी अंडी देते, हे मी इनिसला कळू दिलेलं नाही.) ‘खुर्ची मांडून जागा धरायची आणि फिरायला जायचं,’ इनिस म्हणाला, ‘ही स्पर्धा आहे की मासळीबाजारातली रांग?’ अंडं खाल्लेल्या वाटीला मात्र कुणी हातही लावला नाही. ती शेवटी यावर चौघांचं एकमत. मी तर काय, तिला धुवायला घेऊन गेले.

आता इथे नीट लक्ष द्या, भाऊजी. वाटी शेवटी ठरली, तेव्हा इनिस म्हणाला, ‘मग काय, मे महिन्यातला शनिवार घेऊ.’ डॉड व्याही आणि पाद्रीणबाईंनी मान डोलावली, कारण त्यांना वाटलं की याने शेवटच्या स्पर्धेचा बळी द्यायचं ठरवलं. आणि तुमचा भाऊ असं म्हणाला ते मे महिन्यात काहीच नसतं म्हणून! त्याच्या हिशेबी पीजीए ऑगस्टमध्ये होते, म्हणजे जावईबापू नोकरीवर गेल्यावर; क्रम लावायची हौस तेवढी त्याने भागवून घेतली. ती मे महिन्यात आणली त्याला कितीतरी वर्षं झाली, पण हे त्याला कुणी सांगायचं? तिचं नाव निघालं की हा नाक मुरडून खोलीबाहेर जातो. आमच्या क्लबात कुठल्याशा जुन्या कॅप्टनच्या फर्मानामुळे त्या दिवशी टीव्ही लावत नाहीत. आणि मे महिन्यात गवत असं उठतं की हा उजेड असेपर्यंत मैदानावरच असतो. ज्या स्पर्धेला आपण किंमत देत नाही ती कधी असते हेही आपल्याला ठाऊक नाही, असं तो मोठ्या अभिमानाने सांगायचा. लोकांना ते बोलण्यापुरतं वाटायचं. ते अक्षरशः खरं होतं.

तर तुमचा निरोप मॉर्वनने मोठ्याने वाचला. इनिस आधी म्हणाला, की लॅक्लनला महिन्यांची नावंही विसरायला झाली. मग तो क्लबात गेला, आणि परत आला तो पावसात धुतलेल्या मेंढीसारखा. तिथून पुढचे चार दिवस मी काढले ते मलाच माहीत. ज्या माणसाने तिला अंड्याच्या वाटीत बसवलं, तो गावभर सांगत फिरू लागला की चारांमध्ये खरी माणसांची स्पर्धा पीजीए, कारण दुकान सांभाळणाऱ्या कष्टाळू पोरांना तीच पहिल्या विसांत आलं की आत घेते. वाटी कपाटातून निघून मिठाच्या पुढे आली. मग बरणीच्या पुढे. गुरुवारी सकाळी ती किटलीला टेकली होती, आणि डॉड व्याही ते बघून टोपी घालून निघून गेले. त्यातच तो तोंडातल्या तोंडात पुटपुटू लागला, की रॉस शुक्रवारच्या चाळणीत बाहेर पडला नाही तर शनिवारी खेळणार, आणि आपण मात्र त्या वेळी हॉलमध्ये सामन मासा खात बसणार.

मॉर्वनने ते ऐकलं. ती गरीब गाय नाही, तुम्हाला माहीतच आहे, पण त्या वेळी ती ओरडली नाही. ती लहान असताना ज्या वाडग्यात लापशी खायची, तो कान तुटलेला निळा वाडगा तिने कपाटातून काढला आणि टेबलावर अंड्याच्या वाटीच्याही मागे, अगदी कडेला ठेवला. म्हणाली, ‘बाबा, तुमचा क्रम लावून झाला की मलाही कुठेतरी बसवा. मला घाई नाही.’ आणि ती बाहेर गेली. इनिस उभाच राहिला. मला त्याचा राग आला होता, पण त्याचं तोंड बघून तोही पुरता करता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा करायला गेले तर किटली जागेवर नाही. ती पार खिडकीत. टेबलाच्या डोक्याशी निळा वाडगा, एकटाच, आणि इनिस मैदानावर जायचे बूट घालून त्याच्या शेजारी बसलेला. मॉर्वन खाली आली तेव्हा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, ‘डॅलग्लीशबाईंकडे जाऊन आलो. ओपनचा शनिवार घेतला.’ भाऊजी, या माणसाने आपल्या आईच्या साठीच्या दिवशी जेवणघरात रेडिओ कानाला लावला होता. मॉर्वन जन्मली तेव्हा तो मला भेटायला आला तो शेवटचा चेंडू भोकात गेल्यावर. मॉर्वनने त्याच्या गळ्यात हात टाकले आणि दोघं रडली, आणि मी लापशी करपवली.

गावात मात्र हाहाकार आहे. मे महिन्यातलं लग्न पुढे गेलं याचं कुणाला काही नाही, पण ओपनच्या शनिवारी लग्न म्हटल्यावर लोक माझ्या दारी येऊन इनिसची तब्येत विचारतात. डॉड व्याही म्हणाले, ‘एफी, डॉक्टरांना दाखवलंस का?’ सामनवाल्याचे पाय धरून झाले. केक मनुकांचा आहे, तो जुलैपर्यंत सुधारेलच. तेव्हा भाऊजी, तुम्ही निर्धास्तपणे रॉसबरोबर जा, आणि जुलैत सगळे या. जाऊबाईंना नमस्कार, रॉसला अनेक आशीर्वाद.

आपली,
एफी

ता. क. खरं तर मागायचं होतं ते वर कुठेच लिहिलं नाही. मॉर्वनची इच्छा आहे की लग्नात तिचे वडील आणि काका एका टेबलावर बसावेत. नऊ वर्षं मी तुमची टपालवाली झाले, आता माझेही पाय दुखतात. तुम्ही स्वतः त्याला फोन करा. मास्टर्सचा विषय काढू नका. खुर्चीचा तर मुळीच नको.

ता. क. (दुसरा) काल रात्री मॉर्वन माझ्या खोलीत आली आणि हळूच म्हणाली, ‘आई, लग्न सकाळी अकराला ठेवू. पुढे असलेले खेळाडू दुपारी तीननंतरच खेळायला निघतात. हॉलमधल्या पडद्यामागे मोठा टीव्ही बसवायचं डॉडमामांशी बोलून ठेवलंय.’ शेवटी मुलगी कुणाची! म्हणजे इनिसने नेमकं काय सोडलं, असं विचारलंत तर काहीच नाही. पण त्याग केल्यापासून तो इतका शांत आणि देखणा दिसतोय की त्याला जुलैपर्यंत सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं आहे. म्हणून ही पानं मी आधी पाकिटात घालते, आणि खालचा कोरा कागद त्याच्यापुढे ठेवते. त्याला काही लिहायचं असलं तर.

दादा,
रॉसला सांग, वारा असला तर चेंडू जमिनीलगत मार, बाबा सांगायचे तसा.
मास्टर्स दुसरी. त्याहून वर मी जाणार नाही.
तू ये.
इनिस