अर्धा रोल धुवायचा नाही

प्रिय ताई,

१२ जानेवारी, दुपारचे साडेतीन. डार्करूममध्ये केमिकल कालवून ठेवलं आहे, आणि रोल टाकीत भरायचा सोडून तुला लिहायला बसलो आहे. फोनवर तुझा पहिला प्रश्न तोच असतो, रोल धुतला का, आणि मी विषय बदलतो.

हल्ली फिल्मला पुन्हा बरे दिवस आलेत. निदान गिऱ्हाइकं तसं म्हणतात. परवा एक रिटायर मास्तर कुटुंबाला घेऊन आले. लेकीचा हट्ट, फोटो जुन्या कॅमेऱ्यावरच हवा. डिजिटलमध्ये म्हणे सगळे मेणाचे दिसतात. पण क्लिक झालं की तीच पळत माझ्यामागे, "बघू बघू!" धुतल्यावर दिसेल म्हटलं, तर मास्तरीणबाई म्हणतात, "आत्ताच काढला, लगेच मळला का रे?" सगळे हसले. मीही हसलो. अण्णा असते तर त्यांनी बाईंना खुर्चीवर बसवून अर्धा तास शिकवणी घेतली असती.

त्यांचं शेवटचं दुखणं तू पाहिलं नाहीस. डॉक्टरांनीच तुला प्रवास करू दिला नाही, त्यात तुझा काय दोष? मी मोबाईल काढला की अण्णा तोंड फिरवायचे. त्यात नुसतं काढतात, बघत कुणी नाही, फिल्म घाल, म्हणाले. घातली. खिडकीशी बसवून आठ फोटो काढले. एकात ते हसलेत, मी तुझं नाव घेतलं म्हणून. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या आपल्या बापाचे म्हातारपणचे एवढेच. पुढे सगळं घाईत झालं. रोल कॅमेऱ्यातच राहिला, कारण त्यांचा नियम तुला माहीत आहे: अर्धा रोल धुवायचा नाही. उरलेल्या फिल्मवर मास्तरांचं कुटुंब घेतलं.

मी दिवा सरकवत होतो. तेवढ्यात मास्तरांच्या जावईबापूंनी कॅमेरा हातात घेतला आणि स्क्रीन आत असेल म्हणून मागचं झाकण उघडलं. भर उजेडात. मी झडप घालून कॅमेरा घेतला, ताई. झाकण लावलं, झालं. ते बिचारे ओशाळून म्हणाले, "पुन्हा काढू की, त्यात काय!"

पहिले फोटो गुंडाळीत सगळ्यात आत असतात. उजेड वरच्या वेढ्यांवर पडला, तिथले फोटो गेलेच. आत किती झिरपला, ते धुतल्याशिवाय कळणार नाही. आणि धुतला की कळेलच. तोवर अण्णा आत आहेत, असं म्हणता तरी येतं. ते तुझ्यासाठी बसले होते, म्हणून तुलाच विचारतो: धुऊ, की राहू दे? तू म्हणशील तसं. आजचं कालवलेलं ओतून देतो.

तुझाच,
बारक्या