स्वयंपाकघरातली जप्ती

प्रिय बारक्या,

आधी बातमी, बाकीचं मग. नऊच्या नऊ रोपं पास झाली! काल दुपारी चाचणीचा शेवटचा कागद आला. आमच्या प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंना मी दोन वर्षांत एकदाही हसताना पाहिलं नव्हतं. एरवी जाळीघरातून बाहेर पडताना त्या सगळ्यांना चपला बदलायला लावतात, औषधाच्या पाण्यात पाय बुडवायला लावतात. काल त्याच बाई जाळीघरातले रबरी बूट तसेच घालून, कागद हवेत हलवत, हसत थेट आमच्या तपासणी नाक्यापर्यंत चालत आल्या. आई नेहमीप्रमाणे बाकावर बसून, फळांचा ट्रक घेऊन आलेल्या एका ड्रायव्हरला पाठदुखीवर सल्ला देत होती. तिने कागद उलटा धरून वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाली, "मी तर पहिल्या दिवसापासून सांगतेय." मग डॉक्टरीणबाईंच्या गळ्यात पडून रडली. ड्रायव्हरला वाटलं कोणी गेलं बिलं की काय, बिचाऱ्याने टोपी काढली.

ही रोपं इथे कशी आली याची आईची गोष्ट तुला माहीत आहे. बाबांच्या लिंबाच्या काड्या तिने म्हणे स्वतःहून प्रयोगशाळेला भेट दिल्या, आणि पुढे तुझ्याकडची झाडं गेली तेव्हा त्या दूरदृष्टीमुळे वाण वाचलं. छान गोष्ट आहे. तिने ती शेजारीपाजारी इतक्या वेळा सांगितली आहे की आता तिचाच त्या गोष्टीवर विश्वास बसलाय. पण आईच्या गोष्टीत आई कधीच चुकत नाही, हे आपण लहानपणापासून बघतोय. म्हणून आता माझ्याकडून ऐक, क्रमाने.

दोन वर्षांपूर्वी ती तुझ्याकडून माझ्याकडे राहायला आली ती बसने, आणि ती बस माझ्याच नाक्यावर थांबली. नियम तुला ठाऊक आहे: दुसऱ्या राज्यातलं झाड, फळ, बियाणं, माती, काहीही रोगमुक्त असल्याच्या दाखल्याशिवाय आत येत नाही. नात्यातल्या माणसाची तपासणी आपण करायची नाही, हाही नियमच. म्हणून मी खिडकीमागे बसले आणि बसमध्ये चढले आमचे मिशीवाले सहकारी. माणूस अतिशय कडक. मागे एकदा त्यांनी एका नवरदेवाच्या कोटाच्या खिशातून दोन बोरं काढली होती. त्यांनी आईला विचारलं, "आजी, सामानात काही रोप, फळ, माती?" आई म्हणाली, "मातीत जायचं वय झालं माझं, ती बरोबर कशाला आणू?" सगळी बस हसली. मिशीवाल्यांनी पिशवी उघडली, वर अर्धवट विणलेला स्वेटर दिसला, त्यात खोचलेल्या सुया दिसल्या, आणि 'मॅडमच्या आई' म्हणून त्यांनी ती अदबीने बंद केली. स्वेटरला दोन सुया लागतात रे. पिशवीत नऊ होत्या.

पुढचे अकरा दिवस मी सुखात होते. घरी गेलं की गरम जेवण, वाळलेले कपडे घडी घालून ठेवलेले. स्वयंपाकघरात मात्र मला बंदी. "दिवसभर सगळ्यांच्या पिशव्या उचकतेस, माझे डबे उचकू नकोस," असा हुकूम होता. बाराव्या दिवशी आई अंघोळीला गेलेली असताना मी काडेपेटी शोधायला आत शिरले आणि खिडकीत, साखरेच्या डब्यामागे, दह्याच्या कुंडात ओल्या वाळूत खोचलेल्या सात काड्या सापडल्या. सहा मुकाट उभ्या होत्या. सातवीला तीन पानं फुटली होती. आधी मला हसूच आलं. मग मी एक पान उजेडात धरलं. मधल्या शिरेच्या एका बाजूला पिवळे डाग होते, दुसऱ्या बाजूलाही होते, पण दोन्ही बाजू एकमेकींशी जुळत नव्हत्या. झाडाला खत कमी पडलं तर पिवळेपणा दोन्हीकडे सारखा येतो. असा बेमेळ येतो तो एकाच रोगात. तो मुंगीहून बारीक किड्याच्या तोंडातून पसरतो आणि त्याला औषध नाही. असली पानं मी प्रशिक्षणात शेकड्याने पाहिली होती. स्वतःच्या घरात, दह्याच्या कुंडात, पहिल्यांदाच पाहिली.

कुंपणच शेत खातं म्हणतात. इथे कुंपणाच्या आईने खाल्लं होतं. ती न्हाऊन बाहेर आली तेव्हा मी ते कुंड पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधत होते. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पिशवीकडे, आणि विचारलं ते काय, तर "दही कशात लावू आता?" मी ओरडले, ती माझ्याहून मोठ्याने ओरडली. शेवटी खुर्चीवर बसून म्हणाली, "तुझ्या बाबांचं झाड आहे ते. तिकडे बारक्याकडे आहे, इकडे तुझ्याकडे नको का?" पण मी पिशवी उचलली आणि कामावर गेले.

जप्तीच्या अर्जात 'जप्तीचे ठिकाण' असा रकाना असतो. मी लिहिलं, 'तपासणी अधिकाऱ्याचे स्वयंपाकघर'. आमचे साहेब तो अर्ज तीन वेळा वाचून गेले आणि तिन्ही वेळा दार लावून घेऊन हसले. हसून झाल्यावर मिशीवाल्यांना लेखी समज दिली, मला दिली आणि आईलाही. मिशीवाले महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. आई मात्र खूश. "इतक्या वर्षांत सरकारने मला पहिल्यांदा पत्र लिहिलं," म्हणून तिने तो कागद घडी न घालता कपाटात ठेवलाय.

काड्या भट्टीत जायच्या होत्या. त्या दिवशी आई माझ्याबरोबर आली आणि भट्टीसमोर उभी राहिली. आईला गप्प उभं राहिलेलं तू शेवटचं कधी पाहिलंस ते आठव. डॉक्टरीणबाई तिथून चालल्या होत्या. त्यांनी विचारलं, लिंबू कसलं? आई म्हणाली, पातळ सालीचं, बी जवळजवळ नाहीच, रस मनगटापर्यंत ओघळतो. बाईंनी सातव्या काडीकडे बोट दाखवलं. कोंबाचं अगदी टोक असतं ना, डोळ्याला न दिसणारं, तिथपर्यंत रोग सहसा पोचलेला नसतो. तेवढंच कापून निरोगी रोपावर चढवता येतं. शंभरात दहा जगतात. त्यांनी आईला ते टोक सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. आई म्हणाली, "एवढंसं? माझा मोतीबिंदू याहून मोठा होता!"

त्या दिवसापासून आई प्रयोगशाळेची बिनपगारी मुकादम झाली. आत जायची परवानगी नव्हती, म्हणून दर मंगळवारी जाळीघराबाहेर स्टूल टाकून बसायची आणि जाळीतून सूचना द्यायची. पाणी जास्त होतंय, ते तिसरं रुसलंय, त्याला सकाळचं ऊन दाखवा. बाई सुरुवातीला तिच्याकडे पाठ करून काम करायच्या. पावसाळा संपेपर्यंत स्वतःच येऊन विचारायला लागल्या, "काकू, हे असं का मान टाकतंय?" पहिल्या खेपेची सगळी कलमं मेली. दुसऱ्या खेपेला पाच जगली, त्यातली तीन चाचणीत शुद्ध निघाली, आणि त्या तिन्हींवरून ही नऊ झाली. मुद्दाम नऊ. तुझ्या अंगणात तेवढीच होती ना.

त्या अंगणाबद्दल मी आजवर तुझ्याशी नीट बोललेच नाही. पथक आलं, झाडं तपासली, नऊच्या नऊ मुळासकट काढली. तू उभा राहून पाहिलंस, मी नाही. त्यानंतर तू विकतोस त्या लिंबाच्या सरबताच्या बाटल्यांवरचं झाडाचं चित्र काढून टाकलंस, हे मला तुझ्या बायकोने सांगितलं. तू फोनवर एवढंच म्हणालास, की पथक आपोआप येत नाही, कोणीतरी कळवलं असणार, आणि ते भिंतीपलीकडच्या टेलरशिवाय कोण, पानं त्याच्या अंगणात पडतात म्हणून तो कधीचा कुरकुरत होता. मी म्हटलं, "हं." दोन वर्षं तू त्या माणसाशी बोलत नाहीस. तुझी मुलगी त्याच्या मुलीबरोबर शाळेत जायची, तेही थांबलंय. आईला मी म्हटलं, आपण सांगू या. ती म्हणाली, "राहू दे गं, तो टेलर तसाही पायजम्याची नाडी आखूड ठेवतो." पण हे बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

आता ऐक. येत्या गुरुवारी ही नऊ रोपं घेऊन आई तुझ्याकडे येतेय. तुझा भाग गेल्या महिन्यात रोगमुक्त जाहीर झाला आणि तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर सुरू होणाऱ्या लिंबू-संत्र्याच्या चारशे बागा, रोग तिथवर न पोचल्यामुळे, आजही उभ्या आहेत. पेटी मोहोरबंद असेल. ती तुमच्याकडच्या अधिकाऱ्याने तुझ्यासमोर उघडायची आणि तू सही करून रोपं स्वीकारायची. सहीच्या आधी तुला एक पान वाचायला देतील, रोपांचा पूर्वेतिहास. तू न वाचता सही करशील असं मला क्षणभर वाटलं होतं, पण तू बाटलीच्या बुचावरचंही वाचणारा माणूस. त्या पानावर लिहिलंय की मूळ झाडाच्या रोगाची पहिली नोंद कोणी केली, आणि त्यापुढे माझं नाव आहे. कंसात 'सख्खी बहीण'. जप्तीच्या अर्जात 'काड्यांचे मूळ ठिकाण' असाही एक रकाना होता, बारक्या. आई म्हणत होती, लिही, रस्त्यात सापडल्या. तो रकाना मी एक अख्खा दिवस कोरा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी तुझा पत्ता लिहिला. त्याचा पश्चात्ताप मला नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन. लाज वाटते ती त्या 'हं'ची. हे तुला अनोळखी अधिकाऱ्याच्या हातून, अंगणात उभं राहून कळू नये म्हणून हे पत्र. सही करायची की पेटी परत पाठवायची हे तू ठरव. पेटी परत आली तर आईही परत येईल आणि रोपं इथे जाळीघरात राहतील, ती मरू द्यायची नाहीत असं डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलंय. पण सही कर किंवा करू नकोस, त्याआधी भिंतीपलीकडे जा आणि त्या टेलरला सांग की चुगली माझ्या बहिणीने केली. ते तेवढं माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी कर. आणि मग मला फोन लाव. रोज संध्याकाळी सात ते आठ मी फोनजवळ बसलेली असेन. पोटभर ओरड. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.

तुझीच, चुगलखोर
ताई