सिंधूची घागर

॥ श्री एकवीरा प्रसन्न ॥
नैरोबी

चि. नवलभाऊ, तुला व मेघाला पुष्पाताईचे आशीर्वाद.

माझ्या लेकाकडे, तेजसकडे मी सुखात आहे. जवळच अपंग मुलांची शाळा आहे, तिथे रोज मुलांना भरवायला जाते. आबांचे गुडघे कसे आहेत?

काल बाईंनी खुणेने सांगितलं, एका पोरीला चाकाच्या खुर्चीचा पट्टा बांधा. माझे हात चालेनात. आपली धाकटी बहीण सिंधू पायांनी अधू, रांगत विहिरीकडे जायची, म्हणून कापूस वेचायला निघताना मीच तिला आईच्या लुगड्याने खांबाला बांधायचे. या पोरीने हसत स्वतःच पट्टा लावला. सिंधू मात्र आपण परत येईपर्यंत दाराकडे बघत असायची.

ती कुवारी गेली म्हणून आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, पितरांत तिची घागर आपण कधी भरली नाही. या वर्षी भर, भाऊ. पण त्या खांबाजवळ ठेवू नको, बाहेर ओट्यावर ठेव.

तुझी,
पुष्पाताई