मुठीतला गोळा

२ फेब्रुवारी
आले बाई एकदाची! नर्सची नवी नोकरी, नवं गाव, हॉस्पिटलच्या मागेच दोन खोल्या. खिडकीजवळची कॉट मावशीला दिली. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. आता तिचा कॅन्सर हाडांत उतरलाय, मणका खचलाय, कूस बदलताना ओठ चावते. इथे अशा मणक्यात सिमेंट भरतात, म्हणून तर मी ही नोकरी धरली. मावशी म्हणते, पाठीचं बांधकाम काढतेयस खरं, वर मजला चढवू नकोस म्हणजे झालं.

५ फेब्रुवारी
काम आवडलं. पावडर आणि द्रव घोटून मी लगदा करते आणि डॉक्टर पडद्यावर एक्स-रे बघत जाड सुईने तो मणक्यात सोडतात. कॅन्सर जात नाही, पण मणक्याला टेकू मिळतो, दुखणं उतरतं. उरलेल्या सिमेंटचा गोळा माझ्या तळहातावर असतो. तो आधी तापतो, मग घट्ट होतो. तो घट्ट झाला की आतलंही झालं असं समजायचं. मोठ्या सिस्टर मात्र फार कडक. गोळा उघड्या हाताने धरायचा नाही, खोलीबाहेर न्यायचा नाही, पेशंट टेबलावर असतानाच डब्यात टाकायचा. कारण विचारलं, तर म्हणाल्या, सांगितलं तेवढं करावं. मी मान डोलावली आणि मनात नाक मुरडलं.

९ फेब्रुवारी
आज मावशीचा नंबर होता. सिमेंट आत गेलं आणि पालथी पडलेली ती एकदम घाबरली, माझा हात मागू लागली. रबराचा स्पर्श तिला नको होता. मी ग्लोव्हज काढले. एका हातात तिचा हात, दुसऱ्या हातात गोळा. मोठ्या सिस्टरांची आमच्याकडे पाठ होती. गोळा घट्ट झाला तेव्हा मला रडूच फुटलं आणि तो मी खिशात टाकला, आठवण म्हणून. संध्याकाळी मावशी चक्क उठून बसली!

१२ फेब्रुवारी
मावशी घरभर फिरतेय, मला कामचुकार म्हणून टोमणे मारतेय. कान तृप्त झाले. फक्त एक विचित्र आहे. गोळा अंगावेगळा करून टेबलावर ठेवला की ती कळवळते, उचलला की थांबते. आधी योगायोग वाटला. पुन्हा ठेवून पाहिला, तर तिने अशी किंकाळी फोडली की मी झडप घालून तो उचलला. आता ठेवणार नाही.

१५ फेब्रुवारी
गोळा अजून गरम आहे. असं होत नसतं, सिमेंट लगेच थंड होतं. उजवी मूठ उघडत नाही. डाव्या हाताने लिहितेय. मनगट टेबलावर आपटलं तर दगडासारखं वाजलं. मला फार भीती वाटतेय.

१७ फेब्रुवारी
मोठ्या सिस्टरांनी मूठ पाहिली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाल्या, गोळा फोड, आजच, म्हणजे तू सुटशील. आणि मावशी? त्या म्हणाल्या, गोळ्याबरोबर मणकाही फुटतो.
घरी आले तर मावशी गुणगुणत कपड्यांच्या घड्या घालत होती.
नाही फोडणार.

१८ फेब्रुवारी
कोपर गेलं. आता खांदा — मावशीला सांगितलं, हात मुरगळलाय. तिने खरं मानल्यासारखं केलं.

१९ फेब्रुवारी
मान वळत नाही. श्वास अर्धाच येतो — आत सगळं तापलंय — मोठ्या सिस्टर आल्या होत्या. दारातच मावशीशी बोलत होत्या, कितीतरी वेळ. काय सांगितलं त्यांनी — मला उठता येत —

२० फेब्रुवारी
सकाळ. जबडा —
मावशीने माझे केस विंचरले. लहानपणी विंचरायची तसे. मग स्वयंपाकघरात गेली.
आली. किती ताठ उभी आहे माझी मावशी. हातात बत्ता —
माझी मूठ उशीवर ठेवतेय. हसतेय. म्हणते, आता जरा डोळे मीट.
नको म्हणायचंय मला — मावशी, नको — तोंड उघ