दिवेलागणीनंतर तुमच्या खोलीत

गुरुजी, तुम्ही गेल्यावरही तुमचं अंथरूण रोज घातलं जात होतं, हे तुम्हांला तिकडे कुणी कळवलं असेल असं वाटत नाही. गादी, पांढरा पलंगपोस, उशाशी पाण्याचा तांब्या, त्यावर झाकण. आरामखुर्चीच्या हातावर तुमची तपकिरी शाल घडी करून आणि चष्मा पुसून पोथीवर. जिवंतपणी पाण्यासाठी तुम्ही हाका मारून दमायचात, तेव्हा कुणीतरी ‘आलो, आलो’ म्हणत आडाकडे निघायचं आणि तिथेच गप्पांना बसायचं. मेल्यावर मात्र न मागता तांब्या हजर. माणसाने पाठशाळा काढली की फार दिवस जगू नये, सेवा चांगली होते.

ही प्रथा अध्यक्षांनी पाडली. आजऱ्याचे तुमचे ते जुने विद्यार्थी, पुढे हेडमास्तर झाले आणि निवृत्तीनंतर आपल्या पाठशाळेचे अध्यक्ष. तुमच्या तिरडीबरोबर चालताना त्यांनी छत्री उघडून तुमच्यावर धरली होती, ऊन लागेल म्हणून. मला तेव्हा हसू आलं आणि लगेच रडू आलं. त्यांनी नियम घातला तो असा : दिवेलागणीला पाठशाळेत काम करणाऱ्या बायकांपैकी एकीने आत जायचं, अंथरूण घालायचं, पाणी ठेवायचं आणि दार ओढून बाहेर यायचं. मग सकाळपर्यंत त्या खोलीत जिवंत माणसाने पाऊल टाकायचं नाही. बायका आम्ही तिघी. पोथ्या सांभाळणारी मी, स्वयंपाकाच्या उचगावच्या मावशी आणि ऑफिसातली नवी टायपिस्ट मुलगी. सकाळी दार उघडलं की पलंगपोस चुरगळलेला असायचा आणि तांब्यातलं पाणी कमी झालेलं. अध्यक्ष विद्यार्थ्यांना रांगेने आत नेऊन दाखवायचे. ‘गुरुजी गेलेले नाहीत,’ एवढंच म्हणायचे, आणि त्यांचे डोळे भरायचे.

तुम्ही आम्हांला तर्क शिकवलात. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी असणार, हे तुमच्यापुढे आम्ही इतकं घोकलं की पन्हाळ्यावर ढग उतरला तरी बंब बोलवावासा वाटायचा. एक दिवस आठवतो. शिकवता शिकवता तुम्ही म्हणता, ‘खिडकीबाहेर पारिजात काय फुललाय आज!’ सगळा वर्ग माना डोलावतो, मी सगळ्यांत जोरात, कारण वर्गात मुलगी एकटी मी आणि मला हुशार दिसायचं आहे. तुम्ही पोथी मिटता. ‘पाहिला कुणी?’ कुणीच नाही. ‘मग मी म्हटलं म्हणून फुलला का? उठा, बघून या.’ आणि आम्ही सगळे भर उन्हात एका मरतुकड्या कण्हेरीपुढे उभे. पारिजात तिथे कधी नव्हताच. त्याच पाठशाळेत, गुरुजी, चादर चुरगळलेली दिसली तर तिच्यावर कुणीतरी लोळलं असेल, हे अनुमान गल्लीतल्या शेंबड्या पोराने केलं असतं. न्यायशास्त्र शिकलेल्या आम्ही केलं नाही. आम्ही हात जोडले.

कार्यवाह तुमच्या पश्चात आले. गोरे, बोलायला गोड, दर वाक्याला ‘गुरुकृपा’. त्यांचं ऑफिस तुमच्या खोलीला लागून. मधल्या दाराला कुलूप, आणि त्याची किल्ली त्यांच्या जानव्याला. टायपिस्ट मुलगी एका सकाळी आलीच नाही. खोलीची तिला बाधा झाली, असं मावशींनी सांगितलं आणि पुढे काही बोलायच्या आत भाकरी तव्यावर टाकली. मीही विचारलं नाही. तुमच्याविषयी मावशी अलीकडे कमी बोलतात, एवढं मात्र लक्षात आलं होतं.

आणीबाणी उठल्यानंतरचे दिवस, थंडी. मावशी तापाने पडल्या आहेत, म्हणून पाळी माझी. लाइट गेलेले. मी तांब्या घेऊन आत जाते. कंदील आणायला हवा होता, पण वाट पायाखालची आहे. आधी वास येतो, तुम्ही ओढायचात त्या तपकिरीचा. तो तुमच्या शालीत राहिलेला आहे हे मला माहीत आहे, पण घडी मोडल्याशिवाय तो येत नाही हेही माहीत आहे. मी खुर्चीचा हात चाचपते. शाल नाही. खुर्ची करकरते, कुणी उठताना करकरावी तशी. मग माझ्या खांद्यावर हात येतो. कुणी बोलत नाही. आशीर्वाद देताना थांबावा तसा तो जरा थांबतो आणि मग खाली उतरतो, जिथे कुठल्या गुरूचा हात उतरत नाही. मी उभीच राहते. किती वेळ, ते पुढे कोर्टातही मला सांगता आलं नाही. मग छातीशी अंधारात दोन हिरव्या रेघा दिसतात, एक लांब, एक आखूड, तरंगत असलेल्या. रेडियमचे काटे. गुरुजी, तुमच्याजवळ घड्याळ कधीच नव्हतं. वेळ तुम्ही रस्त्यातल्या माणसाला विचारायचात. मी तांब्या त्या काट्यांच्या दिशेने हाणला. भुताला लागत नाही म्हणतात. याला लागलं. ‘आई गं’ म्हणाला तो आवाज कार्यवाहांचा होता.

मावशींकडे गेले तर त्या तापातून उठून बसल्या. ‘आक्का, तुलाबी?’

‘मलाबी म्हणजे?’

‘मग ती टायपिंगवाली पोरगी का पळाली? म्हातारं झपाटतंय म्हनाली. मी मीठमोहऱ्या उतरल्या की तिच्यावरनं.’

‘आणि तुम्हांला?’

मावशींनी पदर तोंडाला लावला. ‘झालं एकदा. कुनाला सांगू? जित्तेपनी मान वर करून बघितलं न्हाई कुनाकडं, आनि मेल्यावर ह्यो रंग! समदी देवमाणूस म्हनत्यात. मेलेल्याचं नाव घ्यावं व्हय?’

तेव्हा कळलं. पाठशाळेतल्या पुरुषांनी तुमचा देव केला होता आणि बायकांनी भूत, तेही वंगाळ भूत. एकाच खोलीत, एकाच अंथरुणावर. तुमची बाजू मांडायला तुम्ही नव्हतात.

अध्यक्षांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटले. ‘बाई, त्या खोलीत दिवेलागणीनंतर जिवंत माणूस जात नाही.’

‘मी जाते की.’

‘तुम्ही सेवेला जाता.’

‘तेही सेवेलाच आले होते का?’

याचं उत्तर आठवड्याभरात टपालाने आलं. खोलीचं पावित्र्य भंगवलं, गुरुजींच्या स्मृतीला काळिमा लावला, सबब कामावरून कमी करण्यात येत आहे. पोलिसांनी विचारलं, पाहिलं कुणी? मी म्हटलं, अंधार होता. त्यांनी वही मिटली. गावात बातमी आधीच पोचली होती : पाठशाळेतल्या बाईला गुरुजींची बाधा झाली, ती आता काहीही बरळते. नाव असं झालेल्या आणि वर न्यायशास्त्र शिकलेल्या बाईला कोल्हापुरात कोण कामावर ठेवणार, गुळाचा अडत्या?

तुमच्या पोथ्या बांधायला पेठ वडगावहून चाचा यायचे, आठवतात? कातडी पुठ्ठा लावताना तुमच्याशी वाद घालायचे, की देव एक आणि शिवण दुहेरी पाहिजे. त्यांचा मुलगा वकील झाला होता. त्या वकीलसाहेबांकडे गेले. ते हसले नाहीत, पण गप्पही बसले नाहीत. ‘बाई, भुतावर दावा लावता येत न्हाई मला. समन्स कुठं बजावू? आधी ठरवा, मानूस हाय का भूत?’

‘माणूस.’

‘मग संस्थेवर लावू. तिनंच काढलंय, तिनंच बदनाम केलंय.’ आणि उठता उठता म्हणाले, ‘आब्बा म्हनायचे, गुरुजींचा हात पोथीशिवाय कशाला लागला न्हाई. ते खोटं पडलं तर आमची शिवन बी खोटी.’

कोर्ट भरलेलं होतं. कोल्हापूरकराला कुस्ती नसली की कोर्ट चालतं. संस्थेच्या वकिलांनी मला विचारलं, ‘ओरडला का नाहीत? शेजारी विद्यार्थी होते.’ मी म्हटलं, ‘घाबरले.’ मागून कुणीतरी हसलं. मग कार्यवाहांनी शपथेवर सांगितलं की ते त्या खोलीत कधी गेलेच नाहीत. मग अध्यक्ष उभे राहिले. धोतर स्वच्छ. वकीलसाहेबांनी त्यांना अगदी अदबीने विचारलं, ‘सर, दिवेलागणीनंतर त्या खोलीत कोन असतं?’

‘गुरुजींशिवाय कोणी नसतं.’

‘नक्की?’

‘शपथेवर सांगतो.’

‘अंथरूण चुरगळतं ते?’

‘गुरुजी विसावतात.’

‘बरं. म्हंजे त्या सांजेला बी आत गुरुजीच होते.’ वकीलसाहेब न्यायाधीशांकडे वळले. ‘मग बाईच्या अंगावर हात गुरुजींनी टाकला, असं लिहून घ्यावं साहेब. साक्षीदार शपथेवर सांगत्यात.’

पंखा फिरत होता, त्याची साखळी टिकटिकत होती. लेखनिकाने टाक दौतीत बुडवला. अध्यक्ष त्या टाकाकडे बघत होते. त्यांना माझी दया आली असं मला वाटत नाही; त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. टाक कागदाला टेकणार एवढ्यात ते ओरडले, ‘नाही! लिहू नका!’ आणि मग लहान मुलासारखे बोलत सुटले. कार्यवाह जातात. मधल्या दाराने जातात. चादर चुरगळायला त्यांना मीच सांगितलं होतं. मुलांची श्रद्धा राहावी म्हणून. सुरुवातीला मी स्वतःच जाऊन चुरगळत होतो, मग गुडघे चालेनात. पण सकाळी दार उघडलं की मला ते खरंच वाटायचं, साहेब. रोज वाटायचं.

कार्यवाहांना पुन्हा उभं केलं तेव्हा त्यांनी चादरीचं कबूल केलं, शालीचं कबूल केलं आणि मोठ्या सात्त्विक संतापाने म्हणाले, ‘पण पाणी मी प्यायलेलो नाही. मेलेल्याच्या भांड्याला मी तोंड लावीन का?’ बाईला हात लावणाऱ्याचा विटाळाचा विवेक बघा. अध्यक्षही म्हणाले, पाणी मीही नाही. मावशींचं म्हणणं, मांजर. मी मांजर मान्य केलं. पाणी पिऊन पुन्हा झाकण लावणारं मांजर मी पाहिलेलं नाही, पण कण्हेरीचा प्रसंग लक्षात ठेवून मी त्यावर मत देत नाही.

निकालाआधीच संस्थेने तडजोड मागितली. मला परत घेतलं, कार्यवाहांना काढलं. तडजोडीत संस्थेला ‘गैरसमज’ असा शब्द हवा होता. मी सही केली नाही. वकीलसाहेब म्हणाले, ‘बाई, मिळतंय ते घ्या की.’ मी म्हटलं, हात कुणाचा, ते लिहा. माणसाच्या नावानिशी. शेवटी लिहिलं. टायपिस्ट मुलीच्या घरी मी स्वतः जाऊन ते वाचून दाखवलं. ती दारातच उभी राहून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, ‘म्हणजे गुरुजी नव्हते?’ आणि उंबऱ्यावर मटकन बसली. तोवर ती दिवेलागणीला कुठल्याच खोलीत एकटी जात नव्हती.

अध्यक्ष पुढे फार जगले नाहीत. आता खोलीत पोथ्यांची कपाटं आहेत आणि त्यांच्यामध्ये मी बसते. केस पांढरे झाले, नवी मुलं मला घाबरतात, हे तुम्हांला आवडलं असतं. हे पत्र टपालात टाकण्यात अर्थ नाही. पत्ता पाठशाळेचाच घालावा लागेल, आणि तुमच्या नावाचं टपाल हल्ली मीच फोडते.

पण कोर्टात मी एक अर्धंच उत्तर दिलं, तेवढं सांगते. ओरडले का नाही, याचं. तुम्ही गेलात त्या सकाळी तुमचा हात मी हातात धरून बसले होते, तो गार होत गेला ते मला तळव्याला कळत होतं. त्या सांजेला अंधारात तपकिरीचा वास होता, आणि खांद्यावर आलेला हात गरम होता. भीती मग आली, किळस मग आली. आधी, काटे दिसायच्या आधी, मला आनंद झाला होता.