हळदीच्या डब्यातले फासे

लाखनी. भाऊबीजेनंतरचा दिवस, १९७८. दिवेलागण.

मंडईची जत्रा लागली की हे झंडीमुंडीच्या जुगाराच्या फडावरून उठत नाहीत. म्हणून आज मीच म्हटलं, मलाही शिकवा. नियम कळला की यात हरणंच आहे हे दाखवून देईन, असं मनात होतं. मूर्ख मी.

ह्यांनी पेटीच्या तळातून सहा फासे काढले. घरात होते, आणि मला पत्ता नाही. माझ्या हळदीच्या डब्यात घालून खुळखुळवले.

"पाय वं, फाशावर सहा चित्रं. झेंडा, मुंडी, बदाम, चौकट, इस्पिक, किलवर. एकावर लावायचं. सहा फाशांत ते आलंच नाही का एकदाच आलं, त गेलं. दोनदा आलं त दुप्पट, तीनदा त तिप्पट."

चिचोके लावून खेळलो. माझे सगळे गेले.

"पाहिलं? असंच होते," मी म्हटलं.

हे हसत होते. अकरा वर्षांच्या संसारात इतकं समजावून माझ्याशी कधी बोलले? आठवत नाही.

"तुले कोणतं आवडते?"

मला काय आवडतं हे कधी कुणी विचारलंय? सांगून बसले. बदाम. काहून सांगितलं?

फासे पिवळे झाले होते. पुसायला घेतले तर म्हणाले, "राहू दे. हळद लागली, शुभ झालं. उद्या तुह्या नावानं बदामच लावतो."

ह्यांचा सदरा खुंटीवर आहे, फासे त्याच्याच खिशात. खिशाला पिवळा डाग पडलाय. आणि उद्या बदाम दोनदा यावा, असं मलाच वाटून राहिलंय.