मामाच्या गैरहजेरीतला निकाल

ती. शंतनूमामास,

जर्सी सिटीहून तुझ्या चारूचा वाकून नमस्कार. (पलंगावर पालथी पडून लिहितेय, तेच वाकणं समज.) तुझा गुडघा कसा आहे? मामी बरी आहे ना? शिव आता सातवीत असेल, चित्रं काढतो का? आम्ही तिघं इकडे मजेत आहोत. मागच्या शनिवारी दोन तास नव्हतो, तेच सांगायला हे पत्र. फोनवर मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे, आणि तसाही चार वर्षं तुझा फोन आमच्याकडे येत नाही.

आधी एक सांगून टाकते, मी शाळा सोडली. (तू म्हणाला होतास. आत्ता परत म्हणू नकोस.) दहावीत प्रेझेंटेशनला उभी राहिले आणि चार मिनिटं तोंडातून शब्दच आला नाही. मग रोज सकाळी पोट दुखायला लागलं, डॉक्टरला काही सापडेना, शेवटी सोळा झाल्यावर आईने सही केली. लोकांना आम्ही 'ऑनलाइन करतेय' असं सांगतो. करतेय पण, हळूहळू.

तर आमच्या बिल्डिंगमध्ये बाराव्या मजल्यावर गुरुनाथ काका राहतात, रिटायर्ड डॉक्टर. तरुणपणी ते एडिंबराला शिकायला होते, तिथून त्यांनी येताना स्कॉटलंडच्या कोर्टांची जुनी पुस्तकं आणली. (लोक स्वेटर आणतात.) आता त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून रोज दुपारी मी वाचून दाखवते. हो, मी. मोठ्याने. शाळेत मी वाचलं की वर्ग हसायचा, पण हे शब्द आता कोणीच वापरत नाही, त्यामुळे मी म्हणेन तेच बरोबर. त्यात एक शब्द आहे, डिक्रीट. म्हणजे कोर्टाचा निकाल. लॅटिनमधून आला, पुढे इंग्रजांनी 'डिक्री' केलं आणि आपल्याकडच्या कोर्टातही तेच पोचलं, पण स्कॉटलंडवाले कितीतरी शतकं आपला शेवटचा 'ट' सोडायला तयार नव्हते. काका म्हणतात, अगदी आपल्या नागपूरच्या लोकांसारखे. त्यात परत प्रकार. माणूस सुटला तर वेगळं डिक्रीट, अडकला तर वेगळं. आणि माणूस आलाच नाही तर त्याच्या गैरहजेरीत दिलेलं वेगळं. हे शेवटचं मला फार आवडलं. कारण ते पक्कं नसतं मामा. तो माणूस नंतर आला, का आलो नाही ते सांगितलं, तर कोर्ट निकाल बाजूला ठेवून त्याचं ऐकून घ्यायचं.

मग मी प्रॅक्टिस म्हणून तसाच एक कागद घरी बनवला. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केला, वर वळणदार अक्षरं, खाली लाल गोल सील. सील फारच खरं झालं. (चूक अर्धी तुझी आहे. आपल्या शाळेत ड्रॉइंगच्या तासाला कंपास न घेता गोल काढायला कोणी शिकवलं?) आणि तो डायनिंग टेबलवर वाळत ठेवून मी आंघोळीला गेले.

आता व्हिसावाल्यांचं घर कसं असतं ते तुला माहीत नाही. आमच्याकडे 'महत्त्वाचे' असं छापलेली पिझ्झाची जाहिरात आली तरी बाबा ती आधी देवापुढे ठेवतात. त्यांनी कागदावर तीन गोष्टी वाचल्या. कोर्ट, राजीव कुकडे, गैरहजेरीत निकाल. संपलं. इमिग्रेशन कोर्टाची तारीख आपण चुकवली आणि आपल्याला देश सोडायला सांगितलंय, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. वकिलाला फोन, शनिवार म्हणून तो बंद. मग तिसऱ्या मजल्यावरच्या विवेक काकांना बोलावलं. ते चपला न घालता आले आणि कागदाला हात न लावता लांबूनच म्हणाले, "यार राजीव, आधी सगळे फोटो डिलीट कर." बाबांनी चार वर्षांचे डिलीट केले. नायगारासुद्धा.

मी केस पुसत बाहेर आले तर आई बॅग भरत होती. मला वाटलं पासपोर्ट भरेल, कुकर भरेल. तिने कपाटातून साड्यांच्या खालची चार पाकिटं काढून सगळ्यात आधी तळाशी ठेवली. बाबांनी विचारलं, "उतरणार कुठे आहोत आपण? नागपूरचा फ्लॅट भाड्याने दिलाय." आई बॅगेतून वर न बघता म्हणाली, "कुठे म्हणजे? दादाकडे."

मामा, चार वर्षांत तुझं नाव आमच्या घरात पहिल्यांदा निघालं. विवेक काका आपल्याच पायांकडे बघत बसले. तेव्हा मी म्हणाले की कागद माझा आहे. मग जे झालं ते लिहीत नाही, बाबांचा आवाज किती चढतो हे तू एकदा ऐकलंयस. संध्याकाळी बॅग रिकामी झाली. पाकिटं परत साड्यांखाली गेली.

असो. बाकी सगळं ठीक. मामीला नमस्कार, शिवला गोड पापा.

तुझी,
चारू

ता. क. : तो कागद प्रॅक्टिस नव्हता. राजीव कुकडेंच्या पुढे 'विरुद्ध शंतनू' असं होतं, बाबा तिथपर्यंत पोचलेच नाहीत. तू म्हणालास, तेराव्या वर्षी पोरीला उचलून नेऊ नका, दहावीपर्यंत माझ्याकडे राहू दे. बाबा चिडले. मग तू एअरपोर्टवर आला नाहीस आणि घरात ठरलं की मामाने संबंध तोडले. तुला कोणी विचारलंच नाही. मी काचेच्या दारापर्यंत मागे वळून बघत होते. का नाही आलास? रविवारी फोन कर. बाबा उचलतील. ठेवू नकोस.

ता. ता. क. : पाकिटं राख्यांची आहेत. दर वर्षी एक, आत राखी, वर तुझा पत्ता आईच्या अक्षरात, घर बदललंस तेव्हापासून नवीनसुद्धा. एकही पोस्टात टाकलेलं नाही. यंदाचं मी काल गुपचूप काढून माझ्या उशीखाली ठेवलं, त्यातच हे पत्र घालतेय. आईला सांगू नकोस.

आणखी एक : आत्ता बंद करायला पाकीट उलटं केलं, तर वर स्टॅम्प लावलेले आहेत. काल नव्हते.